कोळसा वणीचा, झळाळी कोणाची?

वणीहून घुग्घुसकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसाच्या कोणत्याही प्रहरी उभे राहावे. कोळशाने भरलेले ट्रक एकामागून एक जाताना दिसतात. रस्त्याकडेची झाडे काळी, दुकानांच्या पाट्या काळ्या, आणि सकाळी अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराला सायंकाळपर्यंत करडी छटा! लोकनायक बापूजी अणे यांचा १८८० साली ज्या गावात जन्म झाला, त्या गावाची आजची ओळख 'कोळशाचे गाव' एवढीच उरली आहे. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्सची स्थापना झाली, आणि तेव्हापासून निर्गुडेच्या आणि वर्धेच्या काठचा हा परिसर देशाला इंधन पुरवीत आला आहे. त्याबद्दल वणीकरांची तक्रार नाही. राष्ट्रकार्यात कोणी समिधा द्यावी, कोणी तूप द्यावे. परंतु होम आटोपल्यावर प्रसाद वाटताना समिधा देणाऱ्याला मंडपाबाहेर उभे करण्यात आले, तर त्याने विचारणा करू नये काय?

हा प्रश्न ज्या उद्योगाच्या निमित्ताने येथे उपस्थित करावयाचा आहे, त्याचे नाव सामान्य वाचकाच्या फारसे कानावर नसते. धातूच्या पृष्ठभागावर शेवटचा हात फिरविण्याचा हा उद्योग आहे. घासणे, चकाकविणे, मुलामा देणे, जस्त चढविणे, रंगाची पूड भाजून बसविणे अशी अनेक कामे त्यात येतात. वृत्तपत्रांत पोलाद प्रकल्पांचे मथळे येतात, मोटारनिर्मितीचे मथळे येतात. बफिंगच्या चाकाचा मथळा कधीच येत नाही. वास्तविक ओतकामातून निघालेला खडबडीत नग आणि दुकानाच्या काचेमागे मांडलेला झळाळता नग यांच्या किमतीतील अंतराचा मोठा वाटा याच शेवटच्या हाताचा असतो. ज्याच्याकडे हा शेवटचा हात, त्याच्याकडे नफा. ज्याच्याकडे केवळ खाण, त्याच्याकडे धूळ.

घरातील मोठ्या माणसांना कल्हईवाला आठवत असेल. वाड्याच्या चौकात खड्डा खणून तो भट्टी मांडी, भाता चालवी, पितळेचे पातेले तापवून त्यात नवसागराची पूड टाकी. पांढरा धूर उठे, धातूवरील मळ निघून जाई, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने हात फिरविताच काळवंडलेल्या भांड्याच्या पोटात चांदणे पडे. लहान मुलांना ती जादू वाटे. ती जादू नव्हती, ते शुद्ध रसायनशास्त्र होते. आधी पृष्ठभाग निर्मळ करावयाचा, मग त्यावर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवावयाचा. आजच्या अत्याधुनिक कारखान्यातील लक्षावधी रुपयांची सामग्रीही याच दोन पायऱ्या चढते. फरक इतकाच, की नवसागराच्या जागी आम्लाच्या टाक्या आल्या आणि भात्याच्या जागी वीज आली.

या विजेपाशी वणीचा संबंध येतो. विजेने मुलामा देण्याच्या प्रक्रियेत जितका विद्युत्प्रवाह खर्च होईल, त्या प्रमाणातच धातू चढतो. त्यातही कठीण क्रोमचा मुलामा हा विजेचा मोठा भुकेला गडी. त्याच्या द्रावणात लिटरमागे साधारण २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल आणि त्याच्या शंभरावा हिस्सा गंधकाम्ल असते. तापमान ५० ते ६० अंश राखावे लागते, आणि प्रत्येक चौरस डेसिमीटरला ३० ते ६० ॲम्पियर प्रवाह द्यावा लागतो. एवढे करून त्या प्रवाहाचा जेमतेम १० ते २० टक्के भाग क्रोम चढविण्याच्या कामी येतो. उरलेला हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो. म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या शेडमध्ये मोटारसायकलच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या दांड्यावर चढणारी झळाळी ही बऱ्याच अंशी कोळशाचेच रूपांतर असते. विदर्भातील खाणींचा कोळसा चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा येथे जळतो, त्याची वीज राज्याच्या विद्युतजालात जाते, आणि राख मात्र येथेच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक प्रदूषणाचे निर्देशांक काढले, तेव्हा वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले होते, आणि ते देशातील अत्यंत प्रदूषित क्षेत्रांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसले होते. असल्या गुणवत्ता यादीत विदर्भाचा क्रमांक कधी चुकत नाही.

यावर शहाण्यांचे उत्तर ठरलेले असते. 'जेथे वाहन उद्योग, तेथे मुलाम्याचा धंदा. वणीत तो कोण आणणार? बाजारपेठेचे नियम भावनेवर चालत नाहीत.' ठीक! परंतु बाजारपेठेचे नियम पाळावेत हा उपदेश ज्यांच्याकडून ऐकावयाचा, त्यांच्याच वैचारिक पूर्वजांनी बाजारपेठेचे नियम चार दशके गुंडाळून ठेविले होते, हे कोणी सांगावयाचे? नेहरूप्रणीत नियोजनाच्या काळात मालभाडे समानीकरणाचे धोरण आले. त्या धोरणाने पोलादाची किंमत देशात सर्वत्र सारखी ठेविली. भिलाईचे पोलाद नागपूरला सुमारे पावणेतीनशे किलोमीटर पडते, मुंबईला अकराशेच्या आसपास. निसर्गाने विदर्भाच्या पदरात टाकलेला हा लाभ सरकारी खतावणीत एका रेघेसरशी पुसून टाकण्यात आला. पोलाद दोन्हीकडे त्याच भावात मिळणार असेल, तर कारखानदार बंदराजवळ, बँकांजवळ, गिऱ्हाइकांजवळच जाणार. यात कारखानदाराचा दोष नाही, पुणे-मुंबईच्या कष्टाळू उद्योजकांचा तर मुळीच नाही; त्यांचा दुस्वास करण्याचे काही कारणही नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते धोरण गेले. तोवर एक पिढी निघून गेली होती, आणि कारागीर जेथे जमतात तेथेच पुढचे कारागीर घडतात. समानतेच्या नावाने विषमता पेरण्याचा याहून उत्तम नमुना शोधून सापडावयाचा नाही. विशेष म्हणजे कोकणातील आंब्याचे किंवा पंजाबच्या गव्हाचे भाडे सरकारने सर्वत्र सारखे करावे, असे कोणाला सुचले नाही.

आणि 'खनिज नाही तर उद्योग नाही' किंवा 'मोठा कारखाना नाही तर मुलामा नाही' हे म्हणणे तरी कितपत खरे? मुरादाबादजवळ तांब्याची खाण नाही. तेथील पितळी वस्तू जगभर जातात. लुधियानाच्या भूमीत लोखंड सापडत नाही. देशातील सायकलींचे सुटे भाग तेथे घडतात आणि तेथेच चकाकतात. पुण्याच्या तांबट आळीत तांब्यावर ठोके घालून मठार काढणाऱ्यांनी कोणती खाण पाहिली होती? या सर्व ठिकाणी आधी हात आले, मग धंदा आला. विदर्भाला तर हातांचाही वारसा आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांना १९७० च्या दशकाच्या अखेरीस लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. माहुरझरीच्या शिळावर्तुळांतून लोखंडी आयुधे आणि घोड्यांचा साज निघाला. अडीच हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी या मातीत धातू वितळत होता.

येथे स्वकीयांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. दिल्लीच्या लोहस्तंभाचा अभिमान आपल्या प्रत्येक बौद्धिकात व्यक्त होतो, आणि तो रास्तच आहे. सोळाशे वर्षे उन्हापावसात उभ्या असलेल्या त्या स्तंभावर गंज का चढत नाही, याचा छडा कानपूर आयआयटीचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी लावला. लोखंडात राहिलेल्या फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा तयार झाला आहे, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु पापुद्र्याचे रहस्य शोधणारे प्राध्यापक आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत? स्तंभाचे छायाचित्र कार्यालयाच्या भिंतीवर टांगून, त्याच कार्यालयाच्या लोखंडी गजांना गंज चढलेला चालवून घेणे, हे पूर्वजांच्या गौरवाचे लक्षण नव्हे.

वणीत काम नाही, असेही नाही. खाणीच्या डंपरचे उदाहरण घ्यावे. त्याचा अवजड हौदा उचलला जातो तो हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यावर. या दांड्यावर कठीण क्रोमचा काही दशांश मायक्रॉन नव्हे, तर वीस ते पन्नास मायक्रॉनचा थर असतो. म्हणजे जाडी माणसाच्या केसाहून कमी, पण कठीणपणा उत्तम कानशीच्या बरोबरीचा. उघड्या खाणीत कोळशाची आणि वरच्या खडकाची धूळ या दांड्यावर बसते, सिलिंडर मिटताना ती धूळ सीलमध्ये अडकून पृष्ठभागावर ओरखडे पाडते, ओरखड्यातून तेल झिरपते, आणि एक दिवस यंत्र उभे राहते. दांडा मग फेकून द्यावा लागत नाही. जुना क्रोम उतरवावा, दांडा ग्राइंडिंगवर सरळ करावा, नवा थर चढवावा, पुन्हा घासून आरशासारखा करावा, की तो नव्यासारखा चालतो. बादल्यांचे दात, पट्ट्याचे रूळ, पंपांचे पंखे, सरकीवरून कापूस सोडविणाऱ्या जिनिंग यंत्राचे भाग, या साऱ्यांची झीज याच जातीची आहे. कापूस आणि कोळसा ही दोन्ही पिके जेथे शेजारी शेजारी निघतात, तेथे झिजलेल्या धातूला तोटा नाही. ही दुरुस्ती वणीच्या पोरांनी करावयाची की दूरच्या शहरात पाठवून तेथल्या भाड्यासह देयक चुकवावयाचे, हा व्यवहाराचाच प्रश्न आहे. त्यात भावनेचा संबंध नाही.

पुढचा काळ तर याहून निकडीचा आहे. गडचिरोलीतील सूरजागडचे लोहखनिज डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी वाहने जाळून अडविले होते; २०२१ पासून ते पुन्हा निघू लागले. कोनसरीस लोहप्रकल्प उभा राहिला आहे. घुग्घुसला स्पंज आयर्न आहेच. जवळच भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना, नागपूरला अंबाझरी. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर यंत्र इंडिया या संरक्षण कंपनीचे मुख्यालयच नागपुरात आले. तोफगोळ्याच्या कवचाला फॉस्फेटचा थर लागतो, शस्त्राला गंजरोधक लेप लागतो. पूर्व विदर्भात लोखंड निघणार, गाळले जाणार, आणि कच्च्या पट्ट्यांच्या रूपाने गाडीत बसून निघून जाणार असेल, तर कोळशाच्या अर्धशतकाची कथा लोखंडाच्या बाबतीत नव्याने लिहिली जाईल.

मात्र हा उद्योग मागताना डोळे मिटून मागणे हा दुसरा अपराध ठरेल. या धंद्याने माणसे खाल्ली आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शेफील्ड गावी कोरड्या सहाणेवर काटेचमचे घासणारे कामगार फुप्फुसाच्या विकाराने तिशी-पस्तिशीत मरत. वाळूच्या फवाऱ्याने धातू साफ करण्याची पद्धत सिलिकोसिसला आमंत्रण देते. म्हणून ब्रिटनने ओतीव वस्तूंच्या सफाईत वाळू वापरण्यास १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याखालील नियमांत वाळूचा फवारा आणि क्रोमिक आम्लाचा मुलामा या दोन्ही प्रक्रिया धोकादायक म्हणून नोंदलेल्या होत्या. नोंदी कागदावर उत्तम होत्या. प्रत्यक्षात तोंडाला रुमाल बांधून बफिंगच्या चाकासमोर दहा तास उभा राहणारा विदर्भाचा पोरगा पाहावयाचा असेल, तर चाकणच्या किंवा भोसरीच्या कोणत्याही मागच्या गल्लीत शिरावे. आयटीआयचे प्रमाणपत्र ट्रंकेत असते, नाव कंत्राटदाराच्या वहीत असते, आणि दिवाळीला घरी आल्यावर आई त्याच्या खोकल्याचे कारण पुण्याच्या हवेत शोधते.

क्रोमिक आम्लाची गोष्ट त्याहून भीषण. वर ज्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांचा उल्लेख आला, ते पृष्ठावर येऊन फुटतात आणि आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. ते तुषार वर्षानुवर्षे श्वासावाटे गेले, की नाकाच्या पडद्याला भोक पडते. सहासंयुजी क्रोमियम कर्करोगालाही कारण होते. सांडपाणी ओढ्यात सोडले तर विहिरी पिवळ्या होतात. लुधियानाच्या ज्या झळाळीचा दाखला दिला, त्याच लुधियानाच्या बुढ्ढा नाल्याचे काळे पाणीही ध्यानात ठेवावयास हवे. निर्गुडा नदीचा बुढ्ढा नाला करावयाचा नसेल, तर दहा बाय दहाच्या खोलीत चोरून चालणाऱ्या टाक्या वणीस नकोत. 'रोजगार हवा की पर्यावरण' हा प्रश्न विचारणारे, प्रकल्पवाले असोत की प्रकल्पविरोधाची दुकानदारी करणारे, दोघेही खोटे बोलतात. तंत्र उपलब्ध आहे. ते वापरण्याची दानत हवी.

आणि ते तंत्र परदेशातूनच आणावे लागते, असेही नाही. तमिळनाडूतील कारैकुडी येथे अळगप्पा चेट्टियार यांच्या दानातून उभी राहिलेली केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था १९५३ पासून याच विषयाचे काम करीत आहे. हैदराबादच्या चूर्णधातुशास्त्र संशोधन केंद्राने स्फोटाच्या झोताने पृष्ठभागावर कार्बाइडचे कठीण कण बसविण्याची यंत्रणा भारतीय उद्योगांच्या हाती दिली. त्यात क्रोमिक आम्लाचा थेंबही लागत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून विशेष अनुमतीवाचून क्रोमिक आम्लाचा वापर बंद केला. जग ज्या टाक्या मोडीत काढीत आहे, त्याच टाक्या स्वस्तात मिळतात म्हणून उद्या कोणी वणीत आणून मांडील, तर त्याला विकास म्हणून पेढे वाटावयाचे नाहीत. वाळूऐवजी बंद पेटीत पोलादी छऱ्यांचा मारा, धूळ ओढून घेणारी पिशव्यांची चाळणी, विजेने चिकटणारी आणि १८० ते २०० अंशांवर भाजली जाणारी रंगाची पूड, ही सामग्री आज देशात बनते आणि मध्यम उद्योजकाच्या आवाक्यात आहे.

सांडपाण्याच्या शुद्धीकरणाबाबत तर नियतीने वणीवर विनोदच केला आहे. विषारी क्रोमियम निष्प्रभ करण्याची रीत अशी, की प्रथम आम्लधर्मी पाण्यात सोडियम बायसल्फाइट घालून त्याचे सौम्य रूप करावयाचे, आणि मग चुना घालून सामू आठ-नऊपर्यंत नेला, की ते गाळ होऊन तळाशी बसते. पाण्यात सहासंयुजी क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत आणावे, असा प्रदूषण मंडळाचा दंडक आहे. तर तो चुना! वणीपासून हाकेच्या अंतरावर राजूर आहे, आणि राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या विदर्भात कोणास ठाऊक नाहीत? विषही आपल्याच विजेने तयार व्हावे आणि उताराही आपल्याच मातीत असावा. तरी रोगी परगावच्या दवाखान्यात!

पैशाची सबब पुढे येईल. कोळशाच्या स्वामित्वधनाचा ठराविक हिस्सा २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जमा होतो, आणि प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या प्राधान्यक्रमात पिण्याचे पाणी, आरोग्य यांच्याबरोबर कौशल्य विकासाचा स्पष्ट उल्लेख आहे. खाणग्रस्त गावांचा हा पैसा प्रवेशद्वारांच्या कमानी आणि सभामंडप यांच्यावर किती गेला आणि कौशल्यावर किती, याचा हिशेब यवतमाळच्या लोकप्रतिनिधींना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, गावकऱ्यांनी ग्रामसभेत विचारावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या देशव्यापी यादीत इलेक्ट्रोप्लेटर हा दोन वर्षांचा व्यवसाय कित्येक वर्षांपासून आहे. ब्यूटी पार्लरचे तीन महिन्यांचे वर्ग काढून उद्दिष्टपूर्तीचा अहवाल पाठविणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती यादी एकदा पाहावी.

आपल्याच सरकारच्या एका चांगल्या योजनेतील उणीवही येथे नोंदविली पाहिजे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. लोहार, सोनार, कुलुपे करणारे, हातोड्यासारखी अवजारे घडविणारे, अशा अठरा व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज, हे तिचे स्वरूप. शतकानुशतके उपेक्षिलेल्या कारागिराला सरकारदरबारी नाव मिळाले, ही गोष्ट लहान नाही. परंतु त्या अठरांत कल्हईगार नाही, मुलामा देणारा नाही, घासणारा-चकाकविणारा नाही. लोहाराने घडविलेल्या विळ्याला गंजापासून वाचविणारा हात यादीबाहेर राहिला.

दत्तोपंत ठेंगडी हे वर्ध्याजवळच्या आर्वीचे. १९५५ मध्ये त्यांनी भारतीय मजदूर संघ स्थापिला आणि एक मे ऐवजी विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन मानण्याचा प्रघात पाडला. वणीच्या खाणपट्ट्यात त्या दिवशी यंत्रांना हार घालतात, नारळ फोडतात, भाषणे होतात. येत्या १७ सप्टेंबरला त्या सभेत एक ठराव यावा. कोळसा कंपनीने आपल्या झिजलेल्या भागांच्या दुरुस्तीच्या निविदांत खाणग्रस्त तालुक्यातील उद्योगांना पहिली संधी द्यावी, खनिज प्रतिष्ठानाने सामायिक शुद्धीकरण केंद्रासह एक आदर्श कार्यशाळा वणीत उभारावी, आणि तिच्या दारात पहिल्या दिवसापासून फुप्फुसतपासणीची व्यवस्था असावी, एवढाच त्याचा मजकूर असावा. ठराव मांडणाऱ्याने निविदेची जुनी प्रत सोबत आणावी. कोणता दांडा कोठे गेला आणि त्याचे देयक किती झाले, हे आकडे कंपनीला माहितीच्या अधिकारात द्यावेच लागतात.